घाऊक दुकानातील ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअर : वापरानंतरचा अनुभव

तालुक्याच्या गावी आमचे मसाले, सुकामेवा आणि किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. अनेक वर्षे हिशेब टॅली या संगणकात बसवायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर होत असत. एप्रिल २०२५ मध्ये, नवे आर्थिक वर्ष सुरू होताना, आम्ही ब्राउझरमध्ये चालणारे आणि वार्षिक वर्गणीचे एक बिलिंग सॉफ्टवेअर घेतले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक उणिवा याच प्रकारच्या इतर सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्त्यांतही मला दिसल्या.

बदल करण्याचे कारण रास्त होते. सगळा हिशेब दुकानातल्या एकाच संगणकावर होता आणि बॅकअप कोणाच्या तरी खिशातल्या पेन ड्राइव्हवर. आता सीए आपल्या कार्यालयातून थेट खाती पाहतात, आणि मालक बाजार समितीत असले तरी एखाद्या पार्टीची थकबाकी मोबाइलवर पाहून पुढचा माल उधारीवर द्यायचा की नाही ते सांगू शकतात. कोणते बिल कोणी, केव्हा बदलले याची नोंदही आपोआप राहते. अशी नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना आहे, आमच्यासारख्या एकल मालकीच्या पेढीला नाही. तरीही या एका सोयीमुळे दुकानातले कितीतरी वाद जागच्या जागी मिटतात.

खरी अडचण गल्ल्यावर आहे. आमच्या दिवाणजींची बोटे टॅलीत मुरलेली आहेत : एफ८ दाबले की विक्री, एफ६ दाबले की जमा, एफ५ दाबले की रक्कम देण्याची नोंद. ब्राउझरमध्ये एफ५ दाबले की पान नव्याने उघडते, आणि अर्धे लिहिलेले वीस-बावीस ओळींचे बिल नाहीसे होते. मसुदा आपोआप जतन करण्याची सोय असती तर ही तक्रारच उरली नसती, ती नाही. वस्तू निवडायला माउस, नग भरायला कीबोर्ड, पुढच्या ओळीसाठी पुन्हा माउस, अशी हाताची ये-जा दर ओळीला होते. समोर टेम्पो लावून चार गिऱ्हाइके उभी असताना हा उशीर जाणवतो. मालकाला दाखवायला मात्र मुखपृष्ठावर रंगीत आलेखांची रेलचेल आहे, आणि ते आलेख पूर्ण भरल्याखेरीज बिलाचे बटण दाबले जात नाही. सॉफ्टवेअर विकत घेणारा आणि दिवसभर वापरणारा हे दोघे वेगळे असतात; हे बनवले आहे पहिल्यासाठी, असे माझे ठाम मत झाले आहे.

सर्वांत मोठी परीक्षा २२ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. त्या दिवशी घटस्थापना होती आणि जीएसटीचे नवे दर लागू झाले. तूप आणि बदाम १२ टक्क्यांवरून ५ वर आले, अंगाचा साबण, शाम्पू आणि टूथपेस्ट १८ वरून ५ वर. टॅलीत करदर कोणत्या तारखेपासून लागू आहे हे वस्तूच्या खात्यातच नोंदवता येते, त्यामुळे जुन्या तारखेच्या बिलाला जुना दर लागतो. या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूला एकच दर, तारखेशी संबंध नाही. परिणामी ऑगस्टमधील एखाद्या बिलात गाडीचा क्रमांक दुरुस्त करून ते जतन केले, तरी त्यातल्या तुपावरचा कर ५ टक्के होऊन बिलाची बेरीजच बदलत असे. परत आलेल्या जुन्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावे रक्कम जमा दाखवणारी चिठ्ठी, मूळ बिलाच्या दराने काढायची असते. त्यासाठी आम्हाला ‘तूप जुना दर’, ‘बदाम जुना दर’ अशा जोडवस्तू तयार कराव्या लागल्या आणि त्यापायी साठ्याचा ताळमेळ बिघडला.

सगळ्या वस्तूंचे दर एकदम बदलण्याची सोय नव्हती. सहायता केंद्राने सांगितले की वस्तूंची यादी उतरवून घ्या, स्प्रेडशीटमध्ये दर बदला आणि पुन्हा चढवा. यादी उतरली ती सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. अशी फाइल स्प्रेडशीटमध्ये थेट उघडली की आकड्याच्या सुरुवातीचे शून्य गळते, आणि आमच्या दुकानातल्या मुख्य मालाचे एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारे क्रमांक) नेमके शून्यानेच सुरू होतात : मिरीमिरचीचा ०९०४, हळदीचा ०९१०, बदामाचा ०८०२, तुपाचा ०४०५. चढवलेल्या यादीत ते तीन आकडी झाले आणि सॉफ्टवेअरने ब्र न काढता स्वीकारले. हे उघड झाले ते पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत विक्रीचे विवरणपत्र भरायला सीए बसले तेव्हा. क्रमांक किमान चार आकडी असावा एवढी साधी तपासणी यादी चढवतानाच व्हायला हवी होती.

मराठीची सोय जाहिरातीत आहे, पण ती पडद्यापुरती. छापील बिलात ‘मिरची’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि जोडाक्षरे फुटतात, शोधात ‘हळद’ लिहिले तर रोमन लिपीत नोंदवलेली हळद सापडत नाही. मोबाइलवर सव्वा लाख रुपये १२५,००० असे दिसतात, संगणकावर १,२५,००० असे. शेवटी आम्ही वस्तूंची नावे रोमन लिपीतच ठेवली आहेत, हे लिहिताना बरे वाटत नाही.

नव्या संगणकावरून प्रवेश करताना ओटीपी मालकांच्या फोनवर जातो आणि ते गाडी चालवत असले तर काम थांबते; हे सुरक्षिततेसाठी आहे असे समजून सोडून देता येते. ऐन दिवाळीच्या गर्दीत एका सकाळी ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’ या बटणांची जागा पूर्वसूचनेशिवाय अदलाबदल झाली, ते मात्र सोडून देण्यासारखे नाही. संगणकात बसवलेले सॉफ्टवेअर निदान आपण नवी आवृत्ती घेईपर्यंत जसेच्या तसे राहते.

नूतनीकरणाच्या वेळी तीन वर्षांच्या वर्गणीवर मोठी सवलत देऊ केली गेली. ती आम्ही घेतली नाही. सध्या खतावणी, म्हणजे सर्व पार्ट्यांची खाती, बाहेर काढता येते ती फक्त पीडीएफमध्ये, म्हणजे उद्या दुसरीकडे जायचे ठरवले तर प्रत्येक पार्टीची नोंद हाताने पुन्हा करावी लागेल. त्यामुळे एकाच वर्षाचे पैसे भरले आहेत, आणि पूर्ण खतावणी स्प्रेडशीटमध्ये देण्याची व करदर तारखेनुसार ठेवण्याची सोय केव्हा मिळेल हे कंपनीकडे ईमेलने लेखी मागितले आहे. सीएंच्या सल्ल्यावरून तोवर दर महिनाअखेरीस सर्व पार्ट्यांच्या शिलकी टॅलीतही उतरवून ठेवतो. काम दुप्पट होते, पण दिवाणजींची त्याबद्दल कुरकुर नाही.