जिनसेंगसाठी काय निवडाल: वाफ, अळिंबीचं एन्झाइम की जिवंत कवकजाल?

जिनसेंग या औषधी मुळाचा अर्क आयात करून तसाच कॅप्सूलमध्ये भरायचा नसेल, त्यावर प्रक्रिया करून किंमत वाढवायची असेल, तर तीन रस्ते आहेत. मूळ वाफवायचं, अळिंबीपासून मिळवलेलं एन्झाइम अर्कात टाकायचं, किंवा अर्कातच अळिंबीचं कवकजाल, म्हणजे तिचे जिवंत धागे, वाढवायचं. पुण्याजवळ भोसरीला शेड भाड्यानं घेण्याआधी एवढं बघा, की तिन्हींतून निघणारा माल सारखा नसतो.

जिनसेंगमधला एक मुख्य घटक म्हणजे आरबी-१. याच्या सांगाड्यावर तिसऱ्या आणि विसाव्या कार्बनला दोन-दोन ग्लुकोज लटकलेली असतात. रेणुभार साधारण ११०९. साखरेनं एवढा लगडलेला रेणू आतड्यातून रक्तात फारसा शिरत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू यातली तीन ग्लुकोज तोडतात आणि ६२३ रेणुभाराचं कंपाउंड-के उरतं, ते बऱ्यापैकी शोषलं जातं. पण सगळ्यांच्या पोटात हे जिवाणू सारखे नसतात. म्हणून ते काम आधीच टाकीत उरकायचं.

वाफेची रीत कोरियात जुनी आहे. ताजी मुळं ९० ते १०० अंशांवर दोन-तीन तास वाफवून वाळवली की लाल जिनसेंग तयार. खर्च कमी, निर्जंतुकीकरणाची कटकट नाही. मात्र उष्णतेनं काही आरबी-१ च्या विसाव्या कार्बनवरची साखर गळते आणि त्यातून हाती येतो आरजी-३ हा वेगळा रेणू, तोही दोन रूपांच्या मिश्रणात. ग्लुकोज तोडणाऱ्या बीटा-ग्लुकोसिडेज एन्झाइमचं काम कंपाउंड-केच्या वाटेवर नेमकं उलटं चालतं: विसाव्यावरचं एक ग्लुकोज शाबूत ठेवून बाकीची काढायची. एकेक ग्लुकोज निघत आरबी-१ पासून आरडी, मग एफ-२, मग कंपाउंड-के. म्हणजे स्वस्तात मिळाला म्हणून लाल जिनसेंगचा अर्क उचललात आणि त्यावर एन्झाइम चालवलंत, तर कंपाउंड-के कमी मिळेल. जी साखर राखायची तीच काही रेणूंवरून आधी गेलेली. पांढऱ्या, म्हणजे न वाफवता वाळवलेल्या, जिनसेंगचा अर्क घ्या. अमेरिकन जातीचा मिळाला तर उत्तम, त्यात आरजी-१ या दुसऱ्या घटकाच्या तुलनेत आरबी-१ भरपूर असतं, आणि आरजी-१ पासून कंपाउंड-के होत नाही.

आता एन्झाइम की कवकजाल? कवकजाल स्वस्त वाटतं. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं प्रशिक्षण मिळतं, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. माहिती आणि कल्चर दोन्ही गावातच. धिंगरी किंवा गॅनोडर्मा या अळिंब्या वाढताना एकच नाही, अनेक एन्झाइम सोडतात, आणि आरबी-२, आरसी या जिनसेंगमधल्याच इतर घटकांवरची अरॅबिनोज साखर काढायला अशी मिसळ उपयोगी पडू शकते. पण जिवंत बुरशी तुमच्या सोयीनं थांबत नाही. साखर तोडत ती शेवटच्या ग्लुकोजपर्यंतही जाऊ शकते. शिवाय पुण्याच्या पावसाळ्यात फ्लास्कमध्ये हिरवी बुरशी शिरली की आठवड्याची मेहनत गटारात.

माझं मत मधल्या वाटेला: कवकजाल वेगळं वाढवा, गाळून त्याचा कच्चा एन्झाइम-अर्क घ्या आणि जिनसेंगच्या द्रावणात घाला. अळिंबीचं बीटा-ग्लुकोसिडेज साधारण पीएच ५ च्या आसपास आणि ५० अंशांजवळ चांगलं चालतं. तोडलेलं ग्लुकोज साचत गेलं की एन्झाइमच मंदावतं, त्यामुळे सुरुवातीलाच अर्क फार घट्ट ठेवू नका. प्रक्रिया कुठवर आली हे पाहायला दर वेळी एचपीएलसीला (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या चाचणीला) पैसे घालायची गरज नाही. पातळ थराच्या पट्टीवर नमुने चढवा, गंधकाम्लाचा फवारा मारून तापवा. ठिपके सरकताना दिसतात. हवी ती पायरी आली की उकळी देऊन एन्झाइम मारा. विकायच्या बॅचसाठी मात्र एचपीएलसी हवंच, २०३ नॅनोमीटरवर. शुद्ध, विकतचं एन्झाइम तेव्हाच घ्या, जेव्हा गिऱ्हाइकाला प्रत्येक बॅच हुबेहूब सारखी हवी आहे आणि त्याचे पैसे द्यायची त्याची तयारी आहे.

लेबलवर दावे लिहिताना हात आखडता ठेवा. कंपाउंड-केबद्दलचा बराच पुरावा पेशी आणि उंदरांवरचा आहे. शिवाय जास्त शोषलं जातं म्हणजे जुन्याच मात्रेत द्यायचं, असं नाही; रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना तर साधं जिनसेंगही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं लागतं. आणि एन्झाइमनं बदललेला अर्क अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयच्या २०१७ च्या पूर्वपरवानगीच्या नियमांत येतो का, हे यंत्रसामग्रीची ऑर्डर देण्याआधी सल्लागाराकडून लेखी घ्या.