गेम सोडायला ‘डिजिटल वेलबीइंग’ कितपत उपयोगी?

बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्ससारखा मोबाइलवरचा लढाईचा गेम सोडायचंय म्हणून एखादं ॲप विकत घेण्याआधी अँड्रॉइड फोनमधलं, फोनचा वापर मोजणारं आणि त्यावर मर्यादा घालणारं गूगलचं ‘डिजिटल वेलबीइंग’ वापरून बघा. २०१८ मध्ये आलं, फुकट आहे. मीटर म्हणून उत्तम, कुलूप म्हणून कच्चं.

आधी मीटर. सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग, तिथून डॅशबोर्ड, मग गेमचं नाव. तिथे दिवसाऐवजी तासागणिक आलेख निवडा (काही कंपन्यांच्या फोनवर मांडणी थोडी वेगळी असते). पहिला आठवडा काहीच बंद न करता फक्त हे बघा. एकूण तास बघून नुसतं वाईट वाटतं. खेळ रोज किती वाजता सुरू होतो, हे कळलं तर पुढे काही करता येतं. लॉबीत (मॅचआधीच्या स्क्रीनवर) स्किन, म्हणजे पात्रांचे पोशाख, बघत बसलेला वेळही यात धरला जातो, कारण गेम स्क्रीनवर असेपर्यंत मोजणी चालूच राहते.

ॲप टायमर पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांनी लागतो. वेळ संपली की आयकॉन राखाडी होतो आणि गेम उघडत नाही. घोळ इथेच होतो. बीजीएमआयमधल्या एरंगेल या नकाशावरची पूर्ण मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते. ३० मिनिटांचा टायमर लावला, तर लॉबीचा वेळ धरून तो ऐन शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे मॅचच्या निर्णायक टप्प्यात, गेम बंद पाडतो. स्क्वाडच्या (सोबत खेळणाऱ्या टीमच्या) शिव्या खाण्यापेक्षा माणूस टायमर वाढवून मोकळा होतो. त्यामुळे ४५ मिनिटं लावा आणि एकच मॅच खेळा. दुसरी अडचण म्हणजे मोजणी मध्यरात्री शून्यावर येते. पावणेबाराला बंद पडलेला गेम बाराच्या ठोक्याला पुन्हा हजर! त्यासाठी रात्री साडेदहापासून याच ॲपमधला बेडटाइम (झोपेच्या वेळेचा) मोड लावून त्यात ग्रेस्केल, म्हणजे कृष्णधवल स्क्रीन, चालू करा. रंग गेले की गवतातला शत्रू दिसत नाही, मजाच जाते.

पण टायमर काढायला पासवर्ड लागत नाही. पक्कं सोडायचं असेल तर क्रम असा ठेवा: प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये गेमचं काही चालू असेल तर रद्द करा (गेम डिलीट केल्याने ते रद्द होत नाही, पैसे कापले जातातच), मग गेम काढा, मग प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये फॅमिली या भागातले पॅरेंटल कंट्रोल्स चालू करून गेमच्या वयाच्या रेटिंगपेक्षा खालचं रेटिंग निवडा. पिन घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगा. गेम आधीच फोनमध्ये असेल तर हे कुलूप त्याला लागत नाही, म्हणून क्रम चुकवू नका. मुलांच्या फोनसाठी सरळ गूगलचं पालकांसाठीचं ‘फॅमिली लिंक’ ॲप घ्या. मर्यादा पालकांच्या हातात राहते.

मोकळ्या झालेल्या तासाचं काय करायचं, याचं उत्तर मात्र या ॲपकडे नाही, आणि माणूस परत गेमकडे वळतो तो याच तासात. रात्री वाचनालय, व्यायामशाळा बहुधा बंद. तेव्हा हात ओले किंवा पिठाचे होतील असं काम घ्या. फोन धरताच येत नाही. उदाहरणार्थ मटकी. १ वाटी मटकी सकाळी ३ वाट्या पाण्यात भिजवा, रात्री खेळाच्या वेळी उपसून, निथळून सुती फडक्यात घट्ट बांधा. पाणी राहिलं तर चिकट होते, आंबूस वास येतो. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चांगले मोड येतात, थंडीत अर्धा दिवस जास्त. मग त्याच वेळेला उसळ. गेममधल्या रोजच्या लॉगइन बक्षिसापेक्षा हे बरं: एक दिवस चुकला तरी काही बुडत नाही.

रेटिंग: मोठ्यांसाठी ५ पैकी ३, मुलांसाठी फॅमिली लिंकला ४. झोप, अभ्यास, नोकरी बिघडत चालली असूनही खेळणं थांबत नसेल, तर सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे.