"ऑफिशियल लायसन्स" म्हणून विकले जाणारे हिपहॉपचे दिव्याचे ट्रे: माल घेण्याआधी हे वाचा

जर्सी सिटी, एडिसन, क्वीन्स या भागांत ज्यांचं छोटं दुकान आहे किंवा जे घरबसल्या भेटवस्तू मागवून विकतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हिपहॉपच्या, म्हणजे रॅप संगीताच्या दुनियेतल्या, जुन्या गाजलेल्या छायाचित्रांचे, आतून दिवा लागणारे रोलिंग ट्रे घाऊक भावात देतो म्हणणारा एक पुरवठादार या भागात फिरतो आहे. त्याने आमचे २,८९८ डॉलर बुडवले. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून मोठं संकट नंतर वकिलाच्या पत्रातून दारात आलं. तसं काही होऊ शकतं याची कल्पना आमच्या ओळखीतल्या एकाही दुकानदाराला नव्हती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: रोलिंग ट्रे म्हणजे कडा उचललेला पत्र्याचा ट्रे. सिगारेट हाताने वळताना तंबाखू सांडू नये म्हणून तो वापरतात. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्या लोकांना दुकानातून गांजा घेणं कायदेशीर झालं आणि हे ट्रे सगळीकडे दिसायला लागले. आम्ही त्या धंद्यात नाही. आमच्याकडे पोस्टरं, जुन्या रेकॉर्डी, न्यूयॉर्कची आठवण म्हणून न्यायच्या वस्तू असतात. आमची गिऱ्हाइकं असे ट्रे किल्ल्या ठेवायला किंवा भिंतीवर लावायला नेतात. दिव्याच्या ट्रेमध्ये वर अ‍ॅक्रिलिकचा जाड थर, त्याच्या कडेने एलईडीची पट्टी, मधे फिल्मवर छापलेला फोटो आणि तळाशी बॅटरी असते. नीट बनवलेला असेल तर दिवा लागताच फोटो जिवंत होतो, यात शंका नाही.

त्या फोटोंबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर चोरी कशाची झाली ते कळणार नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने एका पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. हिपहॉपचा जन्म तिथला मानतात. त्यानंतरची कितीतरी वर्षं मोठ्या मासिकांना या पोरांमध्ये काही रस नव्हता. फोटो काढले ते आसपासच्याच माणसांनी. जो कॉन्झो ब्राँक्सच्या शाळेत शिकत असताना कोल्ड क्रश ब्रदर्स या रॅप गटाचे फोटो काढत होते. पुढे त्यांनी अग्निशमन दलाच्या रुग्णवाहिका सेवेत नोकरी केली. ब्रुकलिनच्या रस्त्यांवरची पोरं टिपणारे जमेल शबाझ रायकर्स आयलंडच्या तुरुंगात नोकरीला होते. मार्था कूपर ब्राँक्समधल्या मोकळ्या प्लॉटवर तासन्तास उभ्या राहायच्या, रंगवलेली एखादी सबवे गाडी उजेडात येईल म्हणून. फिल्मचा, धुलाईचा खर्च स्वतःच्या खिशातून. आज ते फोटो संग्रहालयांत लागतात. २०२३ मध्ये हिपहॉपची पन्नाशी झाली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनं भरली, आणि आमच्या दुकानातही लोक येऊन त्याच फोटोंची चौकशी करायला लागले.

अशात हा माणूस आला. आधी इन्स्टाग्रामवर मेसेज, मग फोन. बोलणं अतिशय अदबीचं. आम्ही विचारण्याआधीच त्याने परवान्याचा विषय काढला. प्रत्येक फोटोचं लायसन्स आहे, ट्रे मर्यादित संख्येत काढलेत, प्रत्येकासोबत क्रमांक आणि सही असलेलं प्रमाणपत्र येतं, मागे होलोग्रामचा स्टिकर आहे, असं सगळं. नमुना म्हणून एक ट्रे पाठवला. तो खरोखर सुंदर होता. छपाई खणखणीत, उजेड सगळीकडे सारखा, पत्रा जड. माझ्या यजमानांनी तो रात्रभर लावून ठेवला, काही बिघडलं नाही.

पाच डिझाइनचे मिळून २५० नग, नगाला १८ डॉलर, एकूण ४,५०० डॉलर. तीस टक्के म्हणजे १,३५० आगाऊ, ते आम्ही क्रेडिट कार्डाने दिले. माल निघाला असं कळवताना त्याने सांगितलं की उरलेले पैसे फोनवरून थेट बँकेत टाकलेत तर आठ टक्के सूट देतो, कार्डाची फी वाचते. घाऊक व्यापारात अशी सूट नेहमीची असते. त्याप्रमाणे २,८९८ डॉलर गेले. ही सूटच या फसवणुकीतला मुख्य सापळा आहे, कारण थेट पाठवलेल्या पैशांवर नंतर कुणाचाच हात पोचत नाही.

खोकी आली. वरचा ट्रे हातात घेताच वजन कमी लागलं. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर टणकन आत जायचा. दिवा लावला तर एका कडेला लख्ख आणि दुसऱ्या टोकाला मिणमिण. फोटोतले चेहरे चौकोन चौकोन झालेले, कारण इंटरनेटवरचं लहान चित्र ताणून मोठं केलं होतं. प्रमाणपत्रं पाहिली तर सगळ्यांवर एकच क्रमांक, ५०० पैकी १२७. सहीसुद्धा छापलेली.

माझ्या मुलीला या संगीताचं वेड आहे. एका ट्रेवर सबवेच्या डब्यासमोर तीन मुलं उभी असल्याचा फोटो होता. ती तो बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हा पाचाचा आकडा बघ ना, उलटा आहे." डब्यावरचा पाच नंबर आरशात दिसावा तसा होता. मागच्या भिंतीवरची अक्षरंही तशीच. मग एकेक करून पाचही डिझाइन तपासली. पाचही फोटो डावे-उजवे पलटलेले. हे छपाईच्या गडबडीत झालेलं नव्हतं. चोरलेले फोटो इंटरनेटवर आपोआप शोधून काढणारी सॉफ्टवेअर असतात, त्यांना चित्र ओळखता येऊ नये म्हणून ते मुद्दाम पलटवतात. फोटोत कुठेही अक्षर, आकडा, घड्याळ दिसत असेल तर आधी तिथे बघा.

तेव्हा नमुन्याचा ट्रे पुन्हा काढला. त्याच्या तळाला रबराची चार बटणं आहेत. त्यातलं एक उचकटल्यावर खाली अर्धवट खरवडलेलं लेबल निघालं, दुसऱ्याच कुठल्या तरी उत्पादकाचं. म्हणजे कुणाचा तरी चांगला, खरा माल विकत घेऊन, त्याचं लेबल खरवडून, वर आपला होलोग्राम चिकटवून तो नमुना म्हणून फिरवत होता. होलोग्रामचे स्टिकर छापून कुणालाही मिळतात. त्याने काहीच सिद्ध होत नाही.

बॅटरीचं वेगळं सांगते, कारण इथे जिवाशी गाठ आहे. यजमानांनी एक ट्रे उघडला. आत लिथियमची चपटी बॅटरी, तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना क्षमता, ना यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचं चिन्ह. दोन बाजूंच्या टेपने पत्र्याला चिकटवलेली, आणि पत्र्याची कापलेली धार तिच्यापासून नखभर अंतरावर. चार्जिंगला लावलेला एक ट्रे हात ठेववणार नाही इतका तापला. काही बॅटऱ्या आलेल्या दिवसापासूनच फुगलेल्या होत्या. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसं गेली. त्या बहुतेक ई-बाइकच्या मोठ्या बॅटऱ्या होत्या, पण हलक्या दर्जाची छोटी बॅटरीही पेट घेते, आणि हा ट्रे तर कागद-तंबाखूशेजारी ठेवायची वस्तू. त्यातला एकही नग आम्ही विकला नाही.

पुरवठादाराचा फोन बंद, इन्स्टाग्रामचं पान गायब. बिलावरचा पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला. न्यू जर्सीत ५,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यासाठी स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, वकिलाशिवाय जाता येतं, पण समन्स बजावायला माणूस तर सापडला पाहिजे.

हे निस्तरत असतानाच एका छायाचित्रकाराच्या वकिलाचं पत्र आलं. माल यायच्या आधी आम्ही दुकानाच्या पानावर नमुन्याचा आणि त्याने पाठवलेल्या चित्रांचा फोटो टाकून "लवकरच" असं लिहिलं होतं. त्यावरून त्यांना आमचा पत्ता लागला. पत्रात लिहिलेला कायदा प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा. अमेरिकेत कॉपीराइटचा भंग करणारी वस्तू विकणारा दुकानदार "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटत नाही. फोटो वेळेत नोंदवलेला असेल तर न्यायालय एकेका फोटोमागे ७५० ते ३०,००० डॉलर भरपाई लावू शकतं. जाणूनबुजून केलं असं ठरलं तर दीड लाखापर्यंत. खरंच अजाण होता असं सिद्ध केलं तर ती २०० पर्यंत उतरू शकते, पण सिद्ध करायची जबाबदारी तुमची. आमच्याकडे पाच डिझाइन होती. हिशेब करा.

आम्ही स्वतः एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट माझ्या मते याहून महत्त्वाची आहे. अशा वस्तूला एक परवाना पुरत नाही, दोन लागतात. फोटो ज्याने काढला त्याचा एक, आणि फोटोत ज्याचा चेहरा आहे त्याचा किंवा त्याच्या वारसांचा दुसरा. फोटोचा हक्क किती कडक असतो त्याचं उदाहरण म्हणजे ग्लेन फ्रीडमन यांचा खटला. रन-डीएमसी या रॅप गटाचा त्यांनी १९८५ मध्ये काढलेला फोटो मिस्टर ब्रेनवॉश या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराने वापरला, तर २०११ मध्ये न्यायालयाने निकाल फ्रीडमन यांच्या बाजूने दिला. चेहऱ्याच्या हक्काचं उदाहरण ची मोडू यांचं. ट्यूपॅक आणि बिगी या दिवंगत रॅपरांचे गाजलेले फोटो त्यांनी काढले. २०१९ मध्ये बिगीच्या वारसांच्या कंपनीने त्यांच्यावर आणि एका स्नोबोर्ड कंपनीवर दावा लावला. २०२१ मध्ये मोडू वारले, आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीशांनी स्केटबोर्ड, शॉवरचे पडदे अशा वस्तूंवर ते फोटो विकायला तूर्त मनाई केली. फोटोच्या प्रिंट विकायला मात्र ती मनाई नव्हती. म्हणजे फोटो काढणाऱ्यालासुद्धा स्वतःचा फोटो कुठल्याही वस्तूवर छापून विकता येईलच असं नाही. मग कुणीतरी तिसराच फोन करून "लायसन्स आहे" म्हणतो तेव्हा त्याच्याकडे नेमकं काय असेल?

आमच्या पाचांतलं एक डिझाइन होतं गॉर्डन पार्क्स यांच्या १९९८ च्या फोटोचं. हार्लेममध्ये पूर्व १२६ व्या रस्त्यावरच्या पायऱ्यांवर पावणेदोनशेहून जास्त हिपहॉप कलावंत एकत्र उभे. आर्ट केन यांनी १९५८ मध्ये जॅझच्या कलावंतांचा फोटो जिथे काढला, तीच जागा. एवढ्या सगळ्या चेहऱ्यांची परवानगी मिळवून कुणी १८ डॉलरचा ट्रे काढेल, हे शक्यच नाही. गर्दीचा फोटो आणि स्वस्त वस्तू अशी जोडी दिसली की पुढे बोलणंच नको.

आम्ही त्या छायाचित्रकाराच्या वकिलांना सगळी कागदपत्रं दिली: बिलं, मेसेज, खरवडलेल्या लेबलाचे फोटो. एकही नग विकलेला नाही हे स्टॉकच्या नोंदीवरून दाखवता आलं. त्यांनी आमच्याविरुद्धचं प्रकरण तिथेच थांबवलं. नंतर छायाचित्रकारांनी स्वतः दोन ओळींचा ईमेल पाठवून आभार मानले. आपले फोटो कॉफीचे मग, टीशर्ट, लायटर अशा सगळ्यावर दिसतात, पण त्यातून हाती काही येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. ते वाचून मला आमच्या पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि तो राग अजून गेलेला नाही. ज्या माणसांनी पदरमोड करून हे सगळं जपून ठेवलं, त्यांच्या म्हातारपणाच्या घासावर हे लोक जगताहेत.

कार्डाने दिलेले १,३५० परत मिळाले. नमुना आणि आलेला माल शेजारी ठेवून काढलेले फोटो बँकेला पुरेसे ठरले. थेट पाठवलेले २,८९८ मिळाले नाहीत. ते तुम्ही स्वतः पाठवलेत, एवढंच उत्तर. फेडरल ट्रेड कमिशन आणि एफबीआयचं इंटरनेट गुन्ह्यांचं तक्रार केंद्र आयसीथ्री, दोन्हीकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. तुम्ही फसला असाल तर रक्कम लहान असली तरी करा, एकाच माणसाविरुद्धच्या तक्रारी तिथे जुळवता येतात.

असा माल घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी छायाचित्रकाराला विचारा. यातल्या बऱ्याच जणांच्या स्वतःच्या वेबसाइट आहेत, तिथे ईमेल असतो. ट्रेचा फोटो पाठवून "तुमचा परवाना आहे का" एवढं विचारलं की पुरे. पुरवठादाराकडे दोन्ही करारांच्या प्रती मागा, आणि त्यात ट्रे हा वस्तूचा प्रकार लिहिलाय का ते बघा. पोस्टरचा परवाना ट्रेला चालत नाही. नमुना त्याने निवडलेला घेऊ नका, खोक्यातून तुम्ही उचललेला घ्या.

पुण्या-मुंबईतही असे ट्रे ऑनलाइन विकले जाताना माझ्या भाच्याने पाहिले आहेत. तिथे पैसे यूपीआयने गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. वस्तूच खराब निघाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. भारतात लिथियम बॅटरीला बीआयएस या सरकारी मानक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे, तो क्रमांक बॅटरीवर नसेल तर ट्रे घरात ठेवू नका.

आणि ज्यांच्याकडे असा ट्रे आधीच आला आहे त्यांनी तो रात्री चार्जिंगला लावू नये. फुगलेली बॅटरी टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती तिथेच पेटते. आमचे सगळे ट्रे आम्ही काउंटीच्या (इथल्या जिल्हा प्रशासनाच्या) घातक कचरा गोळा करण्याच्या दिवशी नेऊन दिले. तारखा काउंटीच्या वेबसाइटवर असतात. बॅटरी घरगुती असेल तर त्याचे पैसे घेत नाहीत, दुकानाचा माल असेल तर मात्र आधी फोन करून विचारा.