भाजीबाजारात "ताई, तुमचे केस..." म्हणणारी बाई भेटली तर थांबू नका, माझे १०,२०० रुपये गेलेत

नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको, निफाडचा पारा उतरला की आमच्याकडेही अंग उलायला लागतं. या डिसेंबरात माझे ओठ उलून रक्त येत होतं, टाचांना भेगा, केस पुंजक्याने कंगव्यात येत होते आणि कोंडा इतका की काळा स्वेटर घालायची सोय नाही. त्यात पुतणीचं लग्न पंधरा दिवसांवर. हे आधीच सांगतेय कारण "एवढी शिकलेली बाई, फसलीच कशी" हे घरात आठ दिवस ऐकून झालंय.

मेथीची जुडी निवडत होते तेव्हा शेजारी एक बाई येऊन उभी राहिली, पन्नाशीची, हिरवी शाल, चांगल्या घरची वाटावी अशी. "ताई, राग नका मानू, पण माझ्या मुलीचं अगदी असंच झालं होतं." आणि मग केस, कोंडा, ओठ, सगळं न विचारता तिनेच सांगितलं. मी औषधाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, तिनेच पिशवीतून कागद काढून तेलात घालायचे चार जिन्नस लिहून दिले आणि म्हणाली, "दुकान इथे मागच्याच गल्लीत आहे, तोळ्यावर भाव असतो, हजाराच्या आत काम होतं."

बाजारात गोड बोलून ठरलेल्या दुकानात पाठवायचा हा प्रकार तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मलाही ऐकून माहीत होता. पण बाई मराठी बोलत होती, मुलीबद्दल बोलताना तिचे डोळे भरून आले होते, आणि ती काही विकत नव्हती. अशा माणसावर संशय कोण घेईल?

दुकानात देवाचा फोटो, ताजा हार, काचेच्या बरण्या. माणसाने कागद वाचला आणि भाव सांगितले, चाळीस, पस्तीस, नव्वद, पंचवीस. बस, नुसते आकडे. मी मनात हिशोब केला, पाच-पाच तोळे म्हणजे ९५० रुपये, ती म्हणाली तेवढेच. आता जे सांगतेय ते नीट वाचा. तो वजन करत होता सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर, काचेची झाकणी असलेल्या. मी तो काटा बघितला. ५०.० हा लाल आकडाही बघितला. मुळ्या आणि साली जोखायला असला काटा कशाला लागतो, हे तिथेच विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं ते एवढंच, "दादा, एकूण किती होतील?" तो म्हणाला "आधी माल तर बघा ताई" आणि सगळं एकत्र ग्राइंडरमध्ये टाकून बटण दाबलं, त्या आवाजात पुढचं काही ऐकूच आलं नाही. तो आवाज अजून कानात आहे.

भाव तोळ्याचा नव्हताच, ग्रॅमचा होता, आणि पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम. २,०००, १,७५०, ४,५००, १,२५०. झाले ९,५००. वर तेल कढवायची मजुरी ६०० आणि ओठांना लावायची केशराची म्हणून दिलेली डबी ४५०, त्यातून ३५० "तुमच्यासाठी सोडले". दळलेला माल परत होत नाही म्हणाला, आणि तोवर दोन माणसं दारात येऊन उभी राहिली होती. मी एकटी होते. ७,००० यूपीआयने आणि ३,२०० रोख दिले. लग्नाच्या आहेरासाठी काढलेले पैसे होते ते.

तेल लालभडक होतं. (रतनजोत टाकलं की कुठलंही तेल लाल होतं, हे नंतर कळलं.) चौथ्या दिवशी डोक्याला खाज आणि कोंडा दुप्पट, त्या डबीने ओठांची आग. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, फी ७००. त्यांनी सांगितलं की कोंड्यामागची बुरशी टाळूच्या तेलावरच जगते, त्यामुळे तेल थापून कोंडा जात नाही. केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. कढत पाण्याने आंघोळ बंद, अंग ओलसर असतानाच क्रीम लावायचं, ओठांना साधी पेट्रोलियम जेली आणि जिभेने ओठ ओले करायचे नाहीत. टाचांना माझी आई कोकमाचं तेल गरम करून भेगांत भरायची, तो गोळा घरातच होता. घरात असताना मी दहा हजार देऊन आले, ह्याचा राग जास्त येतो.

सहाव्या दिवशी नवऱ्याला घेऊन परत गेले. ती हिरव्या शालीची बाई आत स्टुलावर बसून चहा पीत होती. मला बघून उठून आत गेली. दुकानदार म्हणाला, "कोण बाई?"

मग चौकीत. "मॅडम, पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? मग फसवणूक कुठे?" अर्ज घेतला, शिक्का मारला नाही, वर औषधवाल्या ऑफिसात जा म्हणाले. तिथे म्हणे माल सुटा, लेबल नाही, बाटली उघडलेली, आम्ही काय करणार. लेबल नाही हीच तर माझी तक्रार होती! तिथून वजनमापाच्या ऑफिसात. साहेबांनी विचारलं, "वजन बरोबर होतं का?" मी हो म्हटलं. "मग आमचा विषय नाही." तीन ऑफिसं, पाच चकरा, रिक्षाचेच ५४० रुपये गेले आणि प्रत्येकाने मान हलवून मलाच विचारलं की बिल का नाही घेतलं. त्या दुकानाचं शटर मात्र रोज सकाळी उघडतंय. कोणीही तिथे जाऊन एकदा काटा बघायला तयार नाही.

बिल म्हणजे माझ्याकडे एक चिठोरा आहे, त्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही, नुसते आकडे. तुम्ही असं करू नका. भाव विचाराल तेव्हा "कशाचा, ग्रॅमचा की किलोचा" हे मोठ्याने विचारा आणि एकूण रक्कम कागदावर आल्याशिवाय काही दळू देऊ नका. दळलं तरी घाबरून पैसे देऊ नका, तिथूनच ११२ लावा, मला ते सुचलंच नाही. आयुर्वेदिक तयार तेल घ्यायचंच तर बाटलीवर लायसन्स नंबर, बॅच आणि तारीख बघूनच घ्या. आणि रोख देऊ नका. माझ्या ३,२०० चा आज काहीच पुरावा नाही, ७,००० चा निदान स्क्रीनशॉट आहे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही असं एका वकील मैत्रिणीने सांगितलं, तो स्क्रीनशॉट, चिठोरा आणि डॉक्टरांचा कागद जोडून अर्ज लिहायला घेतलाय.

ती बाई आता दुसऱ्या बाजारात उभी असणार. शाल बदलेल. बोलायची सुरुवात "राग नका मानू" अशीच असेल.