वॉकी-टॉकी घेताय? आमच्या गावात काय झालं ते आधी वाचा

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात ज्यांची शेती आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. भात पोसवायला लागलं की एक माणूस गावोगाव येऊन वॉकी-टॉकीचे सेट विकतो. आमच्या गावाला त्याने फसवलं आहे. चंदगडच्या बाजूलाही तो जाऊन आल्याचं कानावर आलंय. तुमच्या गावात यायच्या आधी हे वाचलेलं बरं.

सेटची गरज खरी आहे, म्हणूनच त्याचं फावलं. आमच्याकडे मोबाइलला रेंज नाही. गवे येतात, रानडुकरं येतात, आणि एखाद्या वर्षी हत्ती उतरले की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. राखणीची एक खोप रानाच्या कडेला, दुसरी ओढ्यापलीकडे. अलीकडच्याने हाळी दिली तरी पलीकडच्याला ऐकू जाईलच असं नाही, पावसात तर नाहीच. हत्ती कुठल्या वाटेने येतोय हे वेळेत कळलं नाही तर पिकाचं सोडा, अंधारात घरी परतणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. त्यामुळे गावाने वर्गणी काढून सेट घ्यायचं ठरवलं, ते योग्यच होतं.

हा माणूस गोड बोलणारा. सीमेपलीकडून आलेला, अस्सल आपल्या मराठीत बोलणारा. "अण्णा, कानडी-इंग्रजी कागदांची काळजी तुम्ही करू नका, सगळं मी बघतो." आमच्या म्हाताऱ्या माणसांना कानडी कागद वाचता येत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दहा किलोमीटर रेंज म्हणाला आणि दाखवूनही दिली. गावातल्या पोरांना बेळगावला नेलं, आपला माणूस राजहंसगडावर चढवला आणि पोरांना खाली शहराच्या बाजूला लांबवर नेऊन बोलायला लावलं. आवाज खणखणीत आला. त्यात काही खोटं नव्हतं, फक्त जागा त्याने निवडलेली होती.

हे सेट ज्या यूएचएफ लहरींवर बोलतात त्या बहुतेक बॅटरीच्या झोतासारख्या सरळ जातात. गडावरून खालचं सगळं उघडं दिसतं, मधे अडथळा नाही, म्हणून आवाज लांब पोचतो. सपाट माळावर दोन माणसं उभी राहिली, मधे झाड-बांध काही नसलं, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळेच साधारण दहा किलोमीटरला हद्द संपते. आमच्याकडे तर मधे डोंगर, घळ आणि पावसाने भिजलेली दाट झाडी. ओली पानं या लहरी खातात. त्याच सेटवर आमच्या ओढ्यापलीकडून नुसती खरखर आली, आणि चढ ओलांडल्यावर तीही बंद झाली. "वॅट जास्त आहेत, डोंगर फोडून जातं," असं तो म्हणाला होता. वॅट दहापट केले तरी डोंगर काही हलत नाही. उलट सेट घेऊन चार हात उंचावर चढलं तर जो फरक पडतो, तो वॅट वाढवून पडत नाही. त्यामुळे विकणारा दाखवील तिथे सेट तपासू नका. तुमच्या खोपीत, तुमच्या ओढ्याकाठी, पिकं उभी असताना तपासा. याला तो तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

दुसरी फसवणूक मला जास्त लागली. प्रत्येक सेटमागे वेगळे पैसे घेऊन त्याने "आजीवन परवाना" म्हणून लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं. वर सिंहमुद्रा, खाली शिक्का, नाव आमच्या माणसाचं. नंतर सगळी कार्डं चटईवर शेजारी-शेजारी मांडली तेव्हा दिसलं, परवाना क्रमांक सगळ्यांवर एकच. शिक्क्याची शाई छापलेली, आणि तीसुद्धा प्रत्येक कार्डावर एकाच जागी फुटलेली.

असलं कार्ड कुठलंच सरकारी खातं देत नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी हा भाग वायरलेसचं काम बघतो, आणि परवान्याचे अर्ज 'सरल संचार' या सरकारी पोर्टलवर होतात. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना वेगळा. तो परीक्षा देऊन एका माणसाच्या नावाने मिळतो, त्यावर व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे त्या माणसाचं रेडिओवरचं ओळखनाव असतं. त्यावर गावाची राखण किंवा कुणाचा धंदा चालवता येत नाही.

आणि आपल्याला परवान्याची गरजच नाही, असा एक सरळ रस्ता आहे. 2018 च्या केंद्र सरकारच्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढी लहरींची पट्टी कमी ताकदीच्या, जवळच्या अंतराच्या सेटसाठी मोकळी ठेवली आहे. अट एवढीच की सेट त्याच पट्टीत आणि ठरवून दिलेल्या ताकदीत चालणारा असावा आणि त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे डब्ल्यूपीसीची मान्यता असावी. म्हणजे जे फुकट मिळतं त्याचं खोटं कार्ड त्याने विकलं, आणि सेट मात्र भलत्याच पट्टीचे दिले.

ते कसं कळलं, सांगतो. बेळगावात एक परवानाधारक हॅम मित्र आहे, त्याच्याकडे सेट नेले. त्याने उपकरणावर बघितलं तर एकही चॅनेल 446 वर नव्हतं. बरेचसे 462 च्या आसपास होते. ती पट्टी अमेरिकेत घरगुती वॉकी-टॉकीला चालते, आपल्याकडे नाही. खोक्यावर "446 फ्री बँड" असा स्टिकर होता. तो नखाने उचकटला तर खाली कंपनीची मूळ छपाई निघाली: 400-470 मेगाहर्ट्झ. असा उघडा सेट त्यातल्या कुठल्याही लहरीवर बोलू शकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला नेमून दिलेल्या लहरीवरही आपण नकळत ओरडत बसतो. 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनच बिनपरवाना वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा धरलं गेलंय. उद्या चौकशी झाली असती तर विकणारा सापडला नसता, खोपीतला म्हातारा सापडला असता. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

"गुप्त कोड टाकून दिलाय, तुमचं कुणी ऐकणार नाही," हेही खोटंच. तो कोड म्हणजे एक बारीक सूर. तो नसलेला आवाज आपल्या सेटवर दबतो, एवढंच. आपलं बोलणं मात्र त्या चॅनेलवरच्या कुणालाही ऐकू जातं. बायकापोरं घरी एकटी आहेत, दागिने कुठे आहेत, असलं काही सेटवर बोलू नका.

बॅटऱ्याही जुन्या निघाल्या. नवीन वेष्टन गुंडाळलेल्या, पण एक फुगून सेटच्या पाठीतून बाहेर आली. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, भोसकू नये, चार्जिंगला लावू नये. आणि गवताने शाकारलेल्या खोपीत चार्जर लावून झोपू नये, मग बॅटरी कितीही चांगली असो.

नंतर मान्यतेचे सेट घेतले. ते लांबचं बोलत नाहीत, पण मधे एक माणूस उंचवट्यावर बसवून त्याच्याकडून निरोप पुढे सरकवला की काम भागतं. वापरताना जे कामी येतं ते असं: बटण दाबून क्षणभर थांबा आणि मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बटण लवकर सोडलं तर शेवटचा शब्द जातो, आणि "हत्ती आला नाही" याचं नुसतं "हत्ती आला" पोचतं. म्हणून आम्ही "नाही" असं सेटवर म्हणतच नाही, "वाट मोकळी" म्हणतो. सेट तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना उभी, डोळ्यापासून दूर. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवायचा. अँटेना काढलेली असताना बटण दाबलं तर सेट आतून जळू शकतो, पोरांना हे आधी सांगा. पावसात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तरी आवाज जातो. विजा चमकत असताना मात्र उंचवट्यावरचा माणूस आधी खाली उतरवा. आणि खडीच्या खाणीत विजेवरचे सुरुंग भरलेले असतील तर त्या बाजूला सेट बंदच ठेवा, लहरींनी सुरुंग उडण्याचा धोका असतो.

घेताना विकणाऱ्याकडे ईटीए प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचं मॉडेल सेटच्या पाठीवरच्या मॉडेलशी अक्षर न् अक्षर जुळवा. ऑनलाइन घेत असाल तरी हेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये वॉकी-टॉकी विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि नंतर नियमावली आणली, ती अशाच विक्रीमुळे. फ्रिक्वेन्सी लिहिलेली नसेल तर घेऊ नका. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. आम्हाला मिळालेल्या कच्च्या पावतीवर फक्त "इलेक्ट्रिक सामान" लिहिलं होतं.

तरीही तक्रार करता येते. विकणारा महाराष्ट्रातला किंवा गोव्याचा असला म्हणून तिकडे खेपा घालायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. खोट्या सरकारी कार्डाची तक्रार पोलिसांत वेगळी द्या. आमची दोन्हीकडे दिली आहे. तुमच्याकडे तो येऊन गेला असेल तर खोकं, स्टिकर, कार्ड, पावती आणि फोनवरून पैसे दिले असतील तर त्याचा मेसेज, यातलं काहीही टाकून देऊ नका. सेटही परत करून टाकू नका. आधी सगळ्याचे फोटो काढा, आणि कार्डावरचा नंबर शेजारच्या गावातल्या कार्डाशी ताडून बघा.