१,७०६ युरो ९९ सेंट

हिटलरच्या सैन्याच्या दोन नकली खुणा खऱ्या म्हणून गळ्यात पडल्या, त्याचा हा हिशेब. आधीच सांगतो, मला हिटलरचं कौतुक नाही. जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची २री पलटण तिथे कैद झाली, आणि त्या वाळवंटातल्या लढाईत दोन्ही बाजूंनी छातीवर, बाहीवर काय मिरवलं ते मी जमवतो. जर्मनीत राहतो म्हणून जर्मन बाजूचं इथेच मिळतं. "असलं कशाला घ्यायचं?" म्हणणाऱ्यांनी पुढे वाचू नये. घरी ऐकून झालंय.

घेतलं काय, तर दोन वस्तू. कापडी 'जर्मन क्रॉस सोन्यातला', म्हणजे युद्धातलं एक जर्मन सन्मानचिन्ह, लुफ्टवाफेच्या (जर्मन हवाई दलाच्या) निळसर राखाडी कापडावरचं, १,३५० युरो. आणि 'आफ्रिका' कफ टायटल, म्हणजे बाहीवरची पट्टी, २९० युरो. क्रॉस मागाहून टपालाने आला, त्याचे ६ युरो ९९. क्रॉसचे त्याने १,५०० सांगितले होते, मी १,३५० वर आणले आणि वर स्वतःवर खूश झालो. घासाघीस करू देणारा माणूस लबाड वाटत नाही ना!

विकणारा म्हातारा, गोड बोलणारा. आजोबांचा माळा, आजीची पेटी, सगळी नेहमीची कथा. तुम्हाला ती पाठ असेल, मलाही होती. माळ्याच्या कथेवर मी एक सेंटही दिलेला नाही. मी वस्तू पाहून पैसे दिले, आणि हे मी शेवटपर्यंत सांगणार.

आता पट्टीबद्दल. हा सन्मान १५ जानेवारी १९४३ ला सुरू झाला, उत्तर आफ्रिकेत सहा महिने काढलेल्यांसाठी. त्याआधीची 'आफ्रिकाकोर' लिहिलेली हिरवी पट्टी वेगळी, ती नुसती तुकडीची खूण. सन्मान म्हणून ती कोणी गळ्यात मारत असेल तर तिथूनच परत फिरा. सन्मानाची पट्टी तपकिरी, उंटाच्या केसांच्या कापडाची, मध्ये AFRIKA, दोन्हीकडे ताडाचं झाड, अक्षरं आणि काठ रुपेरी धाग्याचे. माझी हातात घेतली तेव्हा रंग बरोबर, झाडं बरोबर, मागे शिवणीचे तुटके दोरे लोंबत होते, डांबर गोळ्यांचा वास. यूव्ही टॉर्च मारला. कापड गप्प. म्हणजे टिनोपालसारखी, युद्धानंतर सर्रास झालेली चमक आणणारी द्रव्यं त्यात नाहीत.

आणि दोरे चमकले.

पांढरट निळे, लख्ख. मी पाहिलं. म्हाताऱ्यानेही पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आजीने युद्धानंतर पुन्हा टाचली होती, पेटीत पडून सुटायला लागली होती." यात न पटण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. बायका टाचतातच. मी मान डोलावली. ती मान डोलावलेली आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. कारण पुढचा प्रश्न समोर उभा होता: आजीने टाचली कशावर? बाहीवर शिवलेल्या पट्टीची टोकं शिवणीत दाबलेली असतात. तिथला रंग ताजा राहतो, बाहेरचा उन्हाने उडतो. माझ्या पट्टीचा रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा उडालेला. ऊन असं मोजूनमापून पडत नाही. चहाचं पाणी पडतं.

घरी आल्यावर एक दोरा उपसून काडीने पेटवला. सुती असता तर जळक्या कागदाचा वास येऊन राख झाली असती. हा आक्रसला, वितळला, काळी टणक गोळी झाली. टेरिलीन! ते १९४१ मध्ये इंग्लंडात शोधलं, बाजारात आलं युद्धानंतर. ठीक, दोरा आजीचा. मग काठातला रुपेरी धागा काढून पेटवला. तीच गोळी. आता म्हणतील, आधी का नाही पेटवला? २९० युरोची वस्तू विकणाऱ्यासमोर कोण पेटवतं? पण एक धागा मागा. देत नसेल तर पैसे खिशातच ठेवा. आणि यूव्हीवर जीव टाकू नका. खरी पट्टी युद्धानंतर साबणाने धुतली असेल तर तीही चमकेल, आणि नकली बनवणारे आता बिनचमकीचं सूत हुडकून आणतात.

क्रॉसचं दुखणं कापडात नव्हतंच. हा सन्मान सप्टेंबर १९४१ चा. धातूचा बिल्ला जड, म्हणून १९४२ मध्ये कापडी आला: भरतकाम केलेला तारा, मध्ये नाझी स्वस्तिक, पण भोवतीचं सोनेरी पानांचं कडं धातूचंच, खाली १९४१ हे साल. कापड बघत बसू नका, कडं बघा. खरं कडं छाप्यात ठोकलेलं असतं, पानांच्या शिरा धारदार, साल खणखणीत. माझ्या कड्याच्या शिरा गुळगुळीत, म्हणजे ओतीव काम. विक्रेत्याने स्वस्तिकावर कागदाची चिकटपट्टी लावली होती, कायद्यासाठी म्हणे. इथे तसं करतात, खरंय. पण त्याची चिकटपट्टी कड्याच्या खालच्या भागावरही आली होती, नेमकी सालावर. सोबत 'तज्ज्ञाचा दाखला'. विकणाऱ्याने आणलेला दाखला म्हणजे विकणाऱ्याचंच पत्र, लक्षात ठेवा. मी स्वतः दुसऱ्या जाणकाराला ६० युरो दिले. त्याने भिंग लावलं आणि खुर्चीत मागे टेकला. तेवढ्यावर कळलं.

एकूण १,७०६ युरो ९९ सेंट.

आता पोलीस. तक्रार लिहून घेणाऱ्याने आधी फोटो पाहिले आणि मलाच विचारलं, "हे चिन्ह तुम्ही कुठे सार्वजनिक दाखवलं का?" जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ, म्हणजे असली चिन्हं सार्वजनिक दाखवायला बंदी, मलाही माहीत आहे. संग्रहात ठेवणं गुन्हा नाही हेही माहीत आहे. फसवला गेलेला मी, आणि खुलासा मीच करतोय! मग म्हणाला, युद्धकाळातली वस्तू खरी की खोटी हे पोलीस कसं ठरवणार? बरं, संग्रहालयाला विचारा. मीच विचारलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर: खासगी वस्तूंचं परीक्षण आम्ही करत नाही. दाखल्यावर ज्या सैनिकाचं नाव होतं त्याची नोंद मागवायची म्हटलं, तर अर्ज करा आणि थांबा. अजून थांबलोय. सरकारी वकिलाचं पत्र मात्र झटपट आलं: फसवण्याचा हेतू सिद्ध होत नाही, प्रकरण बंद, दिवाणी मार्ग खुला आहे. खुला आहे, हो! वकिलाच्या पहिल्या सल्ल्याचे १९० युरोपर्यंत, वर कर. ज्यांच्या पगारातून दरमहा एवढा कर कापतात, त्यांना धागा पेटवून बघायला एक माणूस देता येत नाही या देशाला? पार्किंगच्या दंडाचं पत्र कसं बिनचूक येतं, फोटोसकट!

'खासगी विक्री, हमी नाही' ही ओळ त्याने पावतीवर लिहिली होती. ती वाचून गप्प बसू नका. जाणूनबुजून फसवलं असेल तर जर्मन कायद्यात त्या ओळीला अर्थ उरत नाही, आणि फसवणूक कळल्यापासून एका वर्षात व्यवहार रद्द करायचं पत्र पाठवता येतं. मी पाठवलंय, पोच घेऊन. संदेश पुसू नका, पाकीटसुद्धा फेकू नका. आणि रोख देऊ नका. मी बँकेतून दिले एवढं तरी बरं, नाव तरी कळलं.

जाणून फसवलं हे दाखवणार कसं, तर असं. माझ्या कड्यावर १९४१ मधल्या ४ च्या पायाशी बारीक खड्डा आहे, ओतताना हवेचा बुडबुडा अडकून झालेला. त्याच माणसाने आधी विकलेला एक क्रॉस मला फोटोत सापडला, सैन्याच्या हिरवट राखाडी कापडावरचा, म्हणे वेगळ्या घरातला, वेगळ्या आजोबांचा. त्याच्याही ४ च्या पायाशी तोच खड्डा. दोन्ही फोटो शेजारी लावून परत सरकारी वकिलाकडे पाठवलेत. तुमच्याकडे तसा ४ असेल तर त्याचा फोटो मला हवाय.