गोरेवाड्याची इंडियन सफारी: सकाळची फेरी घ्या, दुर्बीण सोबत न्या

गोरेवाड्याला जाणाऱ्यांचा पहिला घोळ तिकिटातच होतो. नागपूरच्या काटोल रोडवरच्या या जंगलात दोन वेगवेगळ्या सफारी आहेत. एक, बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानातली इंडियन सफारी. ही 26 जानेवारी 2021 ला सुरू झाली आणि ती उद्यानाच्याच बसमधून होते. दुसरी तलावाच्या बाजूची जंगल सफारी. तिचं गेट वेगळं, तिकीटही वेगळं. तिथे मोकळ्या रानातले प्राणी असतात, त्यामुळे दिसले तर दिसले. लहान मुलांना वाघ, अस्वल दाखवायचं असेल तर इंडियन सफारीच घ्या, आणि मोबाइलवर रस्ता शोधताना नुसतं ‘गोरेवाडा’ न टाकता उद्यानाचं नाव टाका. नाहीतर गाडी भलत्याच गेटवर जाते आणि तिकिटावरची वेळ निघून जाते.

सफारीचे चार भाग आहेत. वाघ, बिबट आणि अस्वल यांना प्रत्येकी सुमारे 25 हेक्टर, तर चितळ, सांबर, रोही (नीलगाय) वगैरे गवत खाणाऱ्यांना 40 हेक्टर. 25 हेक्टर म्हणजे जवळपास 62 एकर रान, त्यात झुडपं, खडक, पाणवठे. महाराजबागेत पिंजऱ्यासमोर उभं राहून प्राणी बघायची सवय असलेल्या नागपूरकरांची इथे निराशा होते ती यामुळेच. बिबट दिसला नाही म्हणून ‘पैसे वाया गेले’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरं तर जनावराला लपायला जागा आहे, हेच या उद्यानाचं सगळ्यात मोठं बलस्थान आहे. माणसांच्या नजरेपासून दूर जाता येणं ही बंदिस्त जनावराची मोठी गरज असते आणि गोरेवाड्यात ती भागते. यासाठी आम्ही या जागेला मनापासून चांगले गुण देतो.

तरीही दिसण्याची शक्यता वाढवता येते. सगळा खेळ वेळेचा आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, आणि त्यातही सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी. थंडीत जनावरं उन्हाला येऊन बसतात. मार्च ते मे या काळात गवत वाळतं, सागाची पानं झडतात, त्यामुळे नजर लांबवर पोचते. पण नागपूरचा पारा 45 च्या आसपास गेला की दुपारी सगळे सावलीत किंवा पाण्याजवळ पडून असतात. उन्हाळ्यात वाघ बघायचा तर पाणवठ्यावर नजर ठेवा. तो पुष्कळदा पाठमोरा पाण्यात शिरतो, आधी शेपूट आणि मागचे पाय, आणि डोकं बाहेर ठेवून बसून राहतो. पावसाळ्यात झाडोरा इतका दाट होतो की बिबट दहा-पंधरा पावलांवर असला तरी दिसत नाही.

बिबट शोधताना जमिनीवर कमी आणि आडव्या फांद्यांवर, खडकांच्या माथ्यावर जास्त बघा. बहुतेक वेळा आधी लोंबणारी शेपूट दिसते, मग ठिपके. अस्वल सावलीत झोपलेलं असलं की काळ्या दगडासारखं वाटतं, म्हणून ‘दगड’ दिसला की एकदा थांबून कान दिसतात का ते पाहा. समोर वळलं तर छातीवरचा पांढुरका इंग्रजी व्ही आकाराचा पट्टा ओळखू येतो. त्याला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी शोषून घेतं. मुलांना हे आधी सांगितलं तर अस्वलाच्या भागात बस शिरताच ती खिडकीला चिकटून बसतात. रोह्यांत निळसर राखाडी तो नर, तपकिरी ती मादी. शिंगं फक्त नराला, हा नियम चितळ आणि सांबराला पण लागू पडतो.

साधी 8x40 ची दुर्बीण घरात असेल तर नक्की न्या. फेरी साधारण तासाभराची असते आणि मध्ये कुठेच उतरता येत नाही, त्यामुळे बसमध्ये चढण्याआधी मुलांना बाथरूमला नेऊन आणणं सक्तीचं समजा. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना दोन फाटकं लागतात. मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. तिथे बस थांबते आणि मुलं चुळबुळ करतात, तेव्हा दोन फाटकं का, हे त्यांना समजावून सांगा: एका भागातलं जनावर दुसऱ्या भागात शिरू नये म्हणून.

एसी आणि साधी अशा दोन्ही बस आहेत, तिकिटाचे दर वेगवेगळे आहेत आणि शनिवार-रविवारी जास्त लागतात. एप्रिल, मे महिन्यात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ सोबत असेल तर एसीच घ्या. थंडीत साधी बस पुरते. एसी बसमध्ये काचेतून फोटो काढताना आपलंच प्रतिबिंब येतं. मोबाइल काचेला टेकवून, फ्लॅश बंद करून फोटो घ्या आणि गडद कपडे घाला.

सोमवारी उद्यान बंद असतं. मोठ्या मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास देण्याची प्राणिसंग्रहालयांची जुनी रीत आहे, कारण जंगलातला वाघ रोज शिकार करत नाही. एरवी मोठ्या वाघाला दिवसाला साधारण 8 ते 12 किलो मांस लागतं आणि ते बहुतेक ठिकाणी संध्याकाळी रात्रीच्या खोलीत दिलं जातं. म्हणून शेवटच्या फेरीत जनावरांचं लक्ष खोलीच्या दाराकडे असण्याची शक्यता जास्त.

शेजारचं वन्यप्राणी बचाव केंद्र पाहायला मिळत नाही, त्यासाठी कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका. जखमी, पोरकी किंवा माणसांशी संघर्ष झालेली जनावरं तिथे आणतात. डिसेंबर 2024 मध्ये त्याच केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने दगावले. बाहेरच्या वस्तू आत नेण्यावर बंधनं का असतात, हे एवढ्यावरून कळावं. खिडकीतून चिप्स, बिस्किट टाकणाऱ्याला शेजारच्या प्रवाशानेच थांबवायला हवं.

बसमध्ये खाणं चालत नाही, तेव्हा घरून तर्री पोहे खाऊनच निघा. पाण्यासाठी स्टीलची बाटली, उन्हाळ्यात प्रत्येकाला दुपट्टा आणि सोबत मिठा-साखरेचं लिंबूपाणी घ्या. सीताबर्डीहून अंतर आठ-दहा किलोमीटर आहे, मेट्रो तिथवर जात नाही, आणि परतीला ऑटो हमखास मिळेल याचा भरवसा नाही. स्वतःची गाडी नसेल तर येतानाचाच ऑटो थांबवून ठेवायचं भाडं आधी ठरवून घ्या.

एकट्या सफारीने अख्खा दिवस भरत नाही, अर्धाच भरतो. दुपारी घरी जाऊन जेवून, मुलांना झोपू देऊन संध्याकाळी फुटाळा तलावावर किंवा सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनला गेलं की दिवस छान होतो. त्याच दिवशी महाराजबागेचीही भर घालू नका. चारच्या पुढे पाच वर्षांखालची मुलं कंटाळतात, आणि सकाळी पाहिलेल्या वाघाबद्दल प्रश्न विचारण्याइतकी ताकद त्यांच्यात उरत नाही.